मोबाईलचं नेव्हिगेशन ॲप निवडताना: इंटरनेट बंद करून घेतलेल्या चाचण्या

ताम्हिणी घाटात रेंज गेली की मोबाईलवरचा नकाशा थोड्या वेळाने करडा पडतो. निळा ठिपका मात्र त्या रिकाम्या चौकोनांवरून पुढे सरकतच असतो. म्हणजे आपण कुठे आहोत ते फोनला कळतंय, त्या जागेचं चित्र तेवढं त्याच्याकडे नाही. ठिपका उपग्रहांच्या जोरावर चालतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. नकाशा, ठिकाणांची यादी आणि रस्ता काढून देणारं गणित ही कामं ॲपची. ती फोनमध्येच होतात की दूरच्या सर्व्हरवर, हे घरी बसून कळत नाही, कारण घरी वायफाय असतं आणि वायफायवर सगळीच ॲप चांगली दिसतात.

आम्हाला ॲप हवं होतं तीन कामांसाठी: कोकणात गाडीने आणि दुचाकीने जायला, सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर आणि शहरात पत्ता शोधायला. गूगल मॅप्स, मॅपल्स, ओसमअँड, ऑरगॅनिक मॅप्स आणि हिअर वीगो ही पाच ॲप एकाच फोनवर घेतली आणि प्रत्येकाला तेच प्रश्न घातले.

पण त्याआधी फोन तपासला. ठिपकाच हलत असेल तर दोष ॲपच्या माथी मारण्यात अर्थ नाही. जीपीएसटेस्ट नावाचं एक मोफत ॲप आहे. ते उघडून गच्चीवर उभं राहिलं की दिसणाऱ्या उपग्रहांची यादी येते आणि प्रत्येकापुढे सिग्नलची ताकद डेसिबल-हर्ट्झमध्ये असते. 35 च्या वर आकडे असलेले सात-आठ उपग्रह दिसले तर फोन ठीक आहे. बहुतेक आकडे 25 च्या खाली असतील तर आधी फोनचं कव्हर काढून बघा. मागे लोहचुंबक किंवा धातूची पट्टी असलेली कव्हरं अडथळा करतात, आणि चुंबकामुळे होकायंत्रही भरकटतं. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण 5 मीटरच्या आत जागा सांगतो, पेठांच्या अरुंद गल्ल्यांत हा आकडा सहज वाढतो, कारण सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो.

याच यादीत सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीच्या एल1 आणि एल5 अशा खुणा दिसतात. एल1 म्हणजे 1575.42 मेगाहर्ट्झ, एल5 म्हणजे 1176.45. दोन्ही ऐकणारा फोन आपटून आलेला सिग्नल जास्त चांगला ओळखतो, म्हणून गल्लीत आणि दरीत त्याचा ठिपका कमी नाचतो. आपल्या नाविक या भारतीय उपग्रह यंत्रणेचे आधीचे उपग्रह एल5 आणि एस बँडवरच होते, एल1 ची सोय मे 2023 मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-01 पासून आली. त्यामुळे नुसता एल1 ऐकणाऱ्या फोनला नाविकचा फारसा उपयोग होत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. ॲप बदलण्याआधी हे बघून घ्या, कारण कोणतंही ॲप फोनच्या रिसीव्हरपेक्षा चांगली जागा सांगू शकत नाही.

रेंज नसलेल्या जागी फोन सुरू केला की ठिपका लवकर येत नाही, त्याचं कारणही इथेच आहे. उपग्रह नेमके कुठे आहेत ही माहिती फोन एरवी इंटरनेटवरून क्षणात घेतो. इंटरनेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला फक्त 50 बिट या वेगाने पाठवतो. एका उपग्रहाची कक्षा पूर्ण ऐकायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात सिग्नल तुटला तर पुन्हा पहिल्यापासून. झाडीतून धावणाऱ्या गाडीत तो तुटतच राहतो. उपाय साधा आहे: निघताना घरीच ॲप उघडून ठिपका येऊ द्या. मिळालेली माहिती पुढे दोन-चार तास चालते. वाटेत अडलंच तर गाडी बाजूला घेऊन फोन मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटं न हलवता धरा.

फोनची खात्री झाल्यावर पहिला खरा प्रश्न: नकाशा कोणाचा? ॲपचं रूप, रंग, आवाज यांपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं. गूगलचा नकाशा गूगलचा. मॅपल्स म्हणजे मॅपमायइंडिया ही कंपनी, तिचा नकाशा तिने स्वतः देशात सर्वेक्षण करून बनवलेला. हिअरचा नकाशा नोकियाच्या काळापासून चालत आलेला. ओसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही दोन्ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. 2004 मध्ये सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक भरतात आणि तो सगळ्यांना खुला आहे. म्हणून ओसमअँडमध्ये एखादा रस्ता चुकीचा असेल तर ऑरगॅनिक मॅप्समध्येही बहुधा तसाच असेल. एकाला कंटाळून दुसरं घेतलं तरी फरक पडणार नाही. फोनमध्ये दोन ॲप ठेवायची तर ती दोन वेगळ्या नकाशांवरची ठेवा.

मग इंटरनेट बंद करून चाचणी. याची एक पद्धत आहे, ती पाळली नाही तर फसगत होते. वायफायवर नकाशा उतरवून घ्यायचा. ॲपची कॅश, म्हणजे तात्पुरती साठवलेली माहिती, पुसायची. फक्त कॅश, डेटा पुसला तर उतरवलेला नकाशाही जातो. ॲप सक्तीने बंद करायचं. विमान मोड लावायचा, जीपीएस त्यात चालूच राहतं. मग ॲप उघडून तीन गोष्टी मागायच्या: एखाद्या गावाचं नाव शोधणं, तिथला रस्ता काढणं आणि वाटेत मुद्दाम चुकीचं वळण घेतल्यावर नवा रस्ता काढणं. कॅश न पुसता चाचणी घेतली तर काल बघितलेला भाग स्क्रीनवर उमटतो आणि ॲप ऑफलाइन चालतंय असं वाटतं.

रस्ता काढण्याच्या मागणीवर ॲप अडतात. गूगल मॅप्स उतरवलेल्या भागात गाडीचा रस्ता काढतं, पण पायी, सायकल आणि बस-रेल्वेचा रस्ता ऑफलाइन मिळत नाही, पर्यायी रस्ते आणि वाहतुकीची माहितीही मिळत नाही. शिवाय उतरवलेल्या नकाशाला मुदत असते. ऑफलाइन मॅप्सच्या पानावर ती तारीख दिसते. प्रवासाच्या आदल्या दिवशी बघावी आणि अपडेट करून घ्यावा. भाग निवडण्याचा चौकोन रस्त्याला चिकटून न घेता दोन्ही बाजूंनी ऐसपैस घ्यावा, कारण घाट बंद असला तर वळसा त्या चौकोनाच्या बाहेरून जाऊ शकतो. ओसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स राज्यानुसार नकाशे देतात आणि शोध, रस्ता, नवा रस्ता हे सगळं फोनमध्येच करतात. ओसमअँडच्या मोफत आवृत्तीत किती नकाशे उतरवता येतात त्याला मर्यादा आहे, ऑरगॅनिक मॅप्सला नाही. सावंतवाडीच्या पुढे जायचं असेल तर गोव्याचा नकाशाही उतरवलाय का ते बघा.

रस्ता काढण्याच्या परीक्षेसाठी आम्ही अशाच जागा निवडल्या जिथे बरोबर उत्तर आधीच ठाऊक आहे. अनोळखी रस्त्यावर ॲप तपासता येत नाही. ते चुकलं हे कळायलाच उशीर होतो.

पहिला प्रश्न: दुचाकीने पुणे ते लोणावळा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. ॲपने देहूरोड, तळेगाव, कामशेत असा जुन्या महामार्गाने रस्ता द्यायला हवा. गाडीच्या मोडवर ठेवलं तर कोणतंही ॲप किवळ्याला द्रुतगती मार्गावर चढवणार, तो ॲपचा दोष नाही. गूगल मॅप्समध्ये दुचाकीचा वेगळा मोड डिसेंबर 2017 पासून आहे, तो भारतातच पहिल्यांदा आला. ओसमअँडमध्ये मोटरसायकलचं प्रोफाइल आहे. ऑरगॅनिक मॅप्समध्ये दुचाकी नाही. तिथे गाडीचा मोड घेऊन रस्त्याच्या पर्यायांत मोटरवे टाळा ही खूण करावी लागते. मुंबईत हाच प्रश्न वांद्रे ते वरळी असा विचारा. सागरी सेतूवर दुचाकी चालत नाही. निघण्यापूर्वी मोडचं चित्र बघायची सवय लावून घ्या, कारण काल गाडीने गेलेल्या फोनमध्ये गाडीचाच मोड राहिलेला असतो.

दुसरा प्रश्न आम्हाला सगळ्यांत उपयोगी वाटला: दापोली ते गुहागर. रस्त्याने जायचं तर खेड आणि चिपळूण करून शंभराच्या आसपास किलोमीटर होतात. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवून खाडीपलीकडे धोपाव्याला उतरलं की अंतर साधारण निम्म्यावर येतं. चांगल्या ॲपमध्ये दाभोळहून पाण्यावर तुटक रेघ दिसते आणि पलीकडे पुन्हा रस्ता सुरू होतो. काही ॲपमध्ये फेरी टाळा हा पर्याय आधीपासूनच चालू असतो, मग ते मुकाट्याने चिपळूणचा वळसा देतं आणि फेरी आहे हे कळतही नाही. उलट बाजूही बघा: तुटक रेघ देणारं ॲप बोटीची वाट बघण्याचा वेळ बहुधा धरत नाही, आणि शेवटची बोट सुटून गेली असली तरी रात्री तीच रेघ दाखवतं. रात्रीच्या प्रवासात फेरी टाळा हा पर्याय हाताने चालू करा. दिघी-आगरदांडा आणि जयगड-तवसाळ या फेऱ्यांनाही हेच लागू.

तिसरा प्रश्न पावसाळ्याचा. भोर-महाड रस्त्यावरचा वरंध घाट पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेकदा वाहतुकीला बंद ठेवतं. फोनमध्ये उतरवलेल्या नकाशाला हे कळणं शक्य नाही. ऑनलाइन ॲपलाही कोणीतरी कळवलं किंवा वाहनं फिरकेनाशी झाली तरच कळतं. जून ते सप्टेंबर घाट उतरायचा असेल तर निघण्याआधीच भोरला चौकशी करायची, आणि घाट बंद असेल तर पुण्याहून निघतानाच ॲपमध्ये वाटेतला थांबा म्हणून माणगाव टाकायचं, म्हणजे रस्ता ताम्हिणीवरून निघतो. थांबा टाकून रस्ता आपल्याला हवा तसा वळवता येतो, हे ज्या ॲपमध्ये दोन बोटांत होतं ते ॲप चांगलं.

उड्डाणपुलांचं काय? वरचा पूल आणि खालचा रस्ता एकावर एक असतात. जीपीएसला उंची जेमतेम कळते, म्हणून तुम्ही पुलावर आहात की खाली हे ॲप ठरवलेल्या रस्त्यावरून गृहीत धरतं. पूल चुकला तरी बराच वेळ ते तुम्हाला वरच समजतं. गूगलने जुलै 2024 मध्ये भारतात पुलावर चढायचं की नाही हे सांगायला सुरुवात केली. अरुंद गल्ल्या टाळणारी गाडीसाठीची सोयही तेव्हाच आली, पण तिच्या सुरुवातीच्या आठ शहरांत महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. नाशिकच्या जुन्या भागात किंवा पुण्याच्या पेठांत गाडी घेऊन शिरताना शेवटचा अर्धा किलोमीटर आधी मोठा करून बघाच. बोगद्यात तर सिग्नल नसतोच. ॲप आधीच्या वेगावरून ठिपका पुढे ढकलतं. कशेडीच्या बोगद्यात वाहतूक मंदावली तर ठिपका तुमच्या आधी बाहेर पडलेला दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नका.

पत्ता शोधण्यात मराठी गावांच्या नावांचा स्वतंत्र घोळ आहे. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द पुण्यात कात्रजजवळ, तर आंबेगाव तालुका त्याच जिल्ह्यात उत्तरेला घोडेगावकडे. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव मावळ तीन दिशांना. नुसतं वडगाव टाकून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं तर काय होईल ते ॲपवर अवलंबून नाही, ते आपल्या हातात आहे: नावापुढे तालुका टाका आणि रस्ता सुरू करण्याआधी अंतराचा आकडा बघा. दहा किलोमीटरच्या जागी साठ दिसले तर गाव चुकलं. ऑफलाइन शोध स्पेलिंगबाबत फार कडक असतो. इंग्रजीत व्ही लिहून सापडलं नाही तर डब्ल्यू लिहून बघा, मग देवनागरीत.

म्हणून मुक्कामाची जागा नावाने न मागवता अक्षांश-रेखांशाने मागवावी, पण ते लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत आणि चूक तिथेच होते. शनिवारवाड्याचे आकडे दशांशात 18.5194, 73.8553. तेच अंश-मिनिट-सेकंदात 18° 31′ 10″, 73° 51′ 19″. कोणी दुसऱ्या पद्धतीचे आकडे फोनवर सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते 18.3110, 73.5119 असे टाकले, तर पिन सुमारे 43 किलोमीटर नैर्ऋत्येला, रायगडाच्या ईशान्येकडच्या डोंगरात पडते. ॲपला यात काहीच चूक दिसत नाही, ते निमूटपणे रस्ता काढतं. आधीचा आकडा नेहमी अक्षांशाचा. उलटे टाकले तर पिन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, ती चूक निदान लगेच दिसते. दशांशात पाच अंक पुरेत, पाचवा अंक म्हणजे जेमतेम एक मीटर. प्लस कोड, मॅपल्सचा सहा अक्षरांचा पिन, टपाल खात्याचा 2025 मधला दहा अक्षरांचा डिजीपिन हेही याच कामाचे, पण समोरच्याच्या ॲपला तो कोड उघडता येतो का ते विचारून पाठवा. दशांशातले आकडे सगळी ॲप घेतात.

किल्ल्यांसाठी आमची निवड ओपनस्ट्रीटमॅपकडे झुकली. पायवाटा, पाण्याची टाकी, खिंडी, गुहा यांची नोंद त्यात ट्रेकर मंडळींनीच केली आहे, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, फोनमध्ये उतरवता येतात. पण या रेषा बहुधा फेब्रुवारी 2000 मधल्या स्पेस शटल मोहिमेच्या मोजणीवरून काढलेल्या असतात. तिथे साधारण 30 मीटरच्या चौकोनाला एक उंची आहे. सह्याद्रीचा कातळकडा त्यात तीव्र उतारासारखा दिसतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याशी रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, पण तिथे पाय ठेवायला जागाच नाही हे नकाशा सांगत नाही. रेषा चिकटल्या असतील तिथे नकाशावर वाट दाखवलेली असली तरी स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये.

उंचीच्या आकड्यातही फरक येतो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही, आणि मुंबई-पुण्याकडे या दोहोंत 60 मीटरहून जास्त तफावत आहे. ही दुरुस्ती न करणारं ॲप 1646 मीटरच्या कळसूबाईवर 1580 च्या आसपास दाखवतं. ओसमअँडमध्ये या दुरुस्तीची फाईल वेगळी उतरवून घ्यावी लागते.

दुसऱ्याने पाठवलेला जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे त्याच्या चालीच्या नोंदीची फाईल, वापरण्यापूर्वी तो जवळून बघा. खऱ्या चालीची रेघ बारीक थरथरते, वळणं घेते. मध्येच पट्टीने आखल्यासारखी दोनशे-तीनशे मीटरची सरळ रेघ दिसली तर तिथे कोणी चाललेलं नाही. फोन खिशात गेला, स्क्रीन बंद झाली आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ॲप झोपवलं; पुन्हा जागं झाल्यावर त्याने दोन बिंदू जोडून टाकले. ती रेघ दरीवरूनही गेलेली असू शकते. आपल्या फोनवर हे टाळायला ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरीचं बंधन काढून टाका, लोकेशनची परवानगी अचूक ठेवा, नोंदीचं अंतर 5 सेकंद ठेवा आणि घरापासून चौकापर्यंत स्क्रीन बंद ठेवून चालून या. रेघ अखंड आली तरच तो फोन डोंगरावर न्या. ट्रेकमध्ये विमान मोड लावून ठेवला की बॅटरी खूपच टिकते, कारण रेंज नसलेल्या दरीत फोन टॉवर शोधण्यातच शक्ती घालवतो.

गाडीत बॅटरीचा प्रश्न वेगळा. स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून नेव्हिगेशन चालू असेल तर गाडीच्या जुन्या यूएसबी खाचेतून मिळणारे अडीच वॉट पुरत नाहीत; चार्जर जोडलेला असूनही टक्के उतरतात. 12 वोल्टच्या सॉकेटमध्ये निदान 12 वॉटचा चार्जर लावा. फोन काचेमागे उन्हात ठेवला तर तो तापतो, आधी उजेड कमी करतो आणि मग चार्जिंग थांबवतो, म्हणून स्टँड एसीच्या जाळीपाशी बरा. दुचाकीच्या हँडलवर कंपन थोपवणारा स्टँडच घ्या. इंजिनच्या कंपनाने कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपलने 2021 मध्येच दिली आहे. गाडी चालवताना फोनचा वापर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑक्टोबर 2020 पासून फक्त रस्ता बघण्यापुरता चालतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. ठिकाण टाकायचं ते गाडी उभी असतानाच.

आवाजाची चाचणी लहान आहे पण चुकवू नका. ओसमअँडसारखी ॲप फोनमधल्याच वाचक-आवाजावर बोलतात. तो आवाज उतरवलेला नसेल तर इंटरनेट गेल्यावर वळणांच्या सूचना थांबतात किंवा इंग्रजी आवाज गावांची नावं वेडीवाकडी वाचू लागतो. फोनच्या भाषा सेटिंगमध्ये जाऊन हवा तो आवाज ऑफलाइन उतरवा, मग विमान मोड लावून घराभोवती एक फेरी मारा.

या सगळ्यातून आमच्या फोनवर तीन ॲप राहिली. शहरात आणि महामार्गावर गूगल मॅप्स, कारण वाहतुकीची माहिती आणि दुचाकीचा मोड. पत्ता पक्का करायला आणि वाटेतल्या गतिरोधक-खड्ड्यांच्या सूचनेसाठी मॅपल्स. डोंगरात आणि रेंज नसलेल्या घाटात ओसमअँड, महाराष्ट्र आणि गोव्याच्या नकाशांसह. दुचाकी कधीच चालवत नसाल आणि ट्रॅकची फारशी गरज नसेल तर ओसमअँडच्या जागी ऑरगॅनिक मॅप्स घ्या. ओसमअँडचे मेनू शिकायला दोन-तीन संध्याकाळी जातात, ऑरगॅनिक मॅप्स पाच मिनिटांत हातात बसतं. आणि त्यात आपल्या गावची एखादी विहीर किंवा ठिकाण चुकीचं दिसलं तर ॲपमधूनच ओपनस्ट्रीटमॅपवर नोंद करता येते. नकाशाच्या पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये ती दुरुस्ती येईल.